ओटीपी कोणी मागितलाच नाही: नागपुरातल्या एका फसवणुकीचा प्रकरण अभ्यास

बाईंच्या वहीत एक पान आहे. वर तारीख, खाली निळ्या शाईत, फळ्यावर लिहावं तितकं सुवाच्य: ‘ओटीपी कोणालाही सांगू नये. बँक कधीच पिन विचारत नाही. अनोळखी लिंक उघडू नये.’ आमच्या ज्येष्ठ नागरिक मंडळात झालेल्या एका व्याख्यानाची ती टिपणं. ते व्याख्यान मीच दिलं होतं. त्यानंतर सात महिन्यांनी बाईंचे चार लाख ऐंशी हजार रुपये गेले. त्या तीन दिवसांत त्यांना कोणीही ओटीपी विचारला नाही, पिन विचारला नाही, लिंक पाठवली नाही. वहीतला एकही नियम त्यांनी मोडला नाही.

मी ३४ वर्षं बँकेत नोकरी केली आणि निवृत्तीनंतर मंडळातल्या लोकांची बँकेची कामं बघते. हे प्रकरण बाईंच्या संमतीने लिहिते आहे. त्यांची ओळख पटेल असे तपशील गाळले किंवा बदलले आहेत, घडलेलं बदललेलं नाही. शाळेत सगळे त्यांना ‘बाई’ म्हणत, मीही तेच म्हणते.

बाईंबद्दल थोडं

वय ७१. अनुदानित शाळेतून मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाल्या. यजमान वीज मंडळात होते, २०२३ च्या अखेरीस गेले. दक्षिण-पश्चिम नागपुरात दुसऱ्या मजल्यावर दोन खोल्यांचं घर. मुलगा पुण्याला, मुलगी हिंगण्याकडे, ती रविवारी येते. निवृत्तिवेतन येतं. शिवाय यजमानांच्या पैशातले १५ लाख त्यांनी फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठ नागरिक बचत योजनेत ठेवले होते. त्याचं ८.२ टक्क्यांनी दर तिमाहीला ३०,७५० रुपये व्याज येतं आणि त्यावर औषधं, कामवाली, सोसायटीचा खर्च असं सगळं निघतं. जोडीला एक मुदत ठेव आणि बचत खातं.

हिशेबाला पक्क्या. एसएमएसचे १७ रुपये ७० पैसे कापले तरी पासबुक घेऊन शाखेत विचारायला जाणाऱ्या. हे मुद्दाम सांगते, कारण अशी बातमी वाचली की लोक पटकन म्हणतात, अडाणी असतील, विसरभोळ्या असतील. बाई दोन्ही नाहीत.

सोमवार

नोव्हेंबर २०२५. निवृत्तिवेतनधारकांसाठी नोव्हेंबर म्हणजे हयातीचा दाखला. बाई आदल्याच आठवड्यात बँकेत जाऊन यादीवर सही करून आल्या होत्या, त्यामुळे आधार, मोबाईल नंबर, कागदपत्रं हे सगळं डोक्यात ताजं होतं.

सकाळी पावणेअकराला फोन वाजला. हिंदीत ध्वनिमुद्रित आवाज: दूरसंचार नियामकाकडून बोलतो, तुमचा नंबर दोन तासांत बंद होणार आहे, माहितीसाठी नऊ दाबा. बाईंनी नऊ दाबलं. पलीकडच्या माणसाने सांगितलं की तुमच्या आधारवर मुंबईत एक सिमकार्ड निघालं आहे, त्यावरून लोकांना धमक्या गेल्या आहेत, तुम्हाला मुंबई पोलिसांशी जोडून देतो. मग व्हॉट्सअ‍ॅपवर व्हिडिओ कॉल. गणवेशातला माणूस, मागे भिंतीवर बोधचिन्ह, कुठेतरी वायरलेसचा खरखराट. त्याने बाईंच्या आधारचे शेवटचे चार आकडे सांगितले, घराचा पत्ता सांगितला आणि यजमानांचं पूर्ण नाव घेतलं.

“त्याने ह्यांचं नाव घेतलं ना, तिथे मी संपले,” बाई मला नंतर म्हणाल्या. “ज्याच्याकडे ह्यांचं नाव आहे तो सरकारी माणूसच असणार, असं वाटलं.”

खरं तर अशी माहिती कुठूनही मिळते. आधारची झेरॉक्स आपण सिमच्या दुकानात देतो, लॉजवर देतो, गॅसच्या एजन्सीत देतो, आणि तिचं पुढे काय होतं हे कोणी विचारत नाही. पण कमरेएवढ्या भीतीत उभ्या असलेल्या माणसाला हे सुचत नाही.

पुढचा डाव ठरलेला. तुमच्या नावाच्या खात्यातून कोट्यवधींचा काळा पैसा फिरला आहे. कोर्टाचा शिक्का असलेलं अटक वॉरंट व्हॉट्सअ‍ॅपवर आलं. एक अधिकारी ओरडणारा, दुसरा समजूतदार. समजूतदार म्हणाला, तुमचं वय बघून घरातच ठेवतो, कॅमेऱ्यासमोरून हलायचं नाही. आणि शेवटी असं: “नैशनल सीक्रेट का मामला है। बेटे को बताया तो वह भी आरोपी बनेगा।”

सगळ्या प्रकरणाची किल्ली माझ्या मते या वाक्यात आहे. पुढे दोन दिवस बाई गप्प राहिल्या त्या स्वतःच्या भीतीने नव्हे. मुलगा अडकू नये म्हणून गप्प राहिल्या. या टोळ्यांना आई काय असते हे पक्कं ठाऊक आहे.

व्हिडिओ कॉलवरच्या या खोट्या अटकेला ‘डिजिटल अरेस्ट’ म्हणतात, पण कायद्यात असं काहीही नाही. पोलिसांना अटक करायची तर त्यांना प्रत्यक्ष यावं लागतं. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केलं की हजर राहण्याची पोलिसांची नोटीससुद्धा व्हॉट्सअ‍ॅपवर बजावता येणार नाही. पंतप्रधानांनी ऑक्टोबर २०२४ च्या ‘मन की बात’मध्ये याच फसवणुकीवर बोलून ‘रुको, सोचो, अ‍ॅक्शन लो’ असं सांगितलं होतं. अंबाल्याच्या एका वृद्ध दांपत्याला न्यायालयाचे खोटे आदेश दाखवून एक कोटीच्या वर लुटलं, तेव्हा ऑक्टोबर २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली आणि १ डिसेंबरला तपास सीबीआयकडे दिला. अंबाल्याची बातमी बाईंनी पेपरात वाचली होती. मी विचारलं, मग आठवली नाही का? त्या म्हणाल्या, “आठवली. पण ती खोटी केस होती, माझी खरी आहे असं वाटत होतं.”

त्या दिवशी त्यांनी वरण-भात केला तेव्हा फोन ओट्यावर साखरेच्या डब्याला टेकवून ठेवला होता. पडद्यावर माणूस बसलेला. बाथरूमला जायचं तर विचारून जायचं, दोन मिनिटांत परत. “आयुष्यभर पोरींनी मला विचारलं, बाई, जाऊ का? त्या दिवशी मी विचारत होते.” रात्री दिवा चालू ठेवून, फोन चार्जरला लावून, पोथीला टेकवून झोपल्या. झोपल्या म्हणजे पडून राहिल्या.

संध्याकाळी मुलीचा फोन आला होता. ‘नॉर्मल बात कीजिए’ असं बजावून त्यांनी तो दोन मिनिटं घेऊ दिला. मुलगी म्हणाली, “आई, तुझा आवाज बसलेला वाटून राहिला.” बाई म्हणाल्या, सर्दी झाली.

मंगळवार

पैसे ‘रिझर्व्ह बँकेच्या पडताळणी खात्यात’ भरायचे, ७२ तासांत परत मिळतील, असं सांगण्यात आलं. ज्या चौकाला आता संविधान चौक म्हणतात त्याला अर्धं नागपूर अजून रिझर्व्ह बँक चौकच म्हणतं, आणि बाई नोकरीची कितीतरी वर्षं त्या इमारतीवरून गेल्या. पण रिझर्व्ह बँकेत सरकारांची आणि बँकांची खाती असतात, तुमचंआमचं बचत खातं तिथे नसतं, हे त्यांना कधी कोणी सांगितलं नव्हतं. माझ्याही व्याख्यानात ते नव्हतं.

मुदत ठेव मोडून आणि बचत खात्यातले मिळवून ४,८०,००० रुपयांचा आरटीजीएस, म्हणजे मोठी रक्कम दुसऱ्या बँकेत लगेच पाठवायची सोय. अर्जावर लाभार्थी म्हणून कुठल्याशा ‘ट्रेडर्स’चं चालू खातं, दुसऱ्या राज्यातल्या शाखेतलं. काउंटरवरच्या कर्मचाऱ्याने विचारलं, “कशासाठी काकू?” बाई म्हणाल्या, “मुलाच्या फ्लॅटसाठी.” हे उत्तर त्यांच्याकडून सकाळी तीन वेळा म्हणवून घेतलं होतं. दुपारी १२.२० ला पैसे गेले.

त्या कर्मचाऱ्याला मी दोष देत नाही, पण प्रश्नाला देते. ‘कशासाठी?’ या प्रश्नाचं उत्तर टोळीने आधीच शिकवलेलं असतं. फ्लॅट, लग्न, दवाखाना. हा प्रश्न विचारला की आपण कर्तव्य केलं असं शाखेला वाटतं आणि पैसे जातात. एप्रिल २०२५ पासून एनईएफटी आणि आरटीजीएस करताना ज्याला पैसे जाणार त्याचं बँकेतलं नाव आधी बघून घेता येतं, शाखेतही. ते नाव मोठ्याने वाचून दाखवलं असतं, ‘काकू, हे तर ट्रेडर्सचं खातं आहे, फ्लॅटचे पैसे ट्रेडर्सला का?’ तर शिकवलेलं उत्तर तिथेच अडखळलं असतं.

बुधवार, काउंटरवर

तिसऱ्या दिवशी बाई ज्येष्ठ नागरिक बचत योजनेचं खातं बंद करायला आल्या. पूर्ण १५ लाख. आज काउंटरवर दुसरी मुलगी होती. ती माझ्याच हाताखाली नोकरीला लागलेली, त्यामुळे पुढचं सगळं तिच्या तोंडून मला बारीकसारीक ठाऊक आहे.

तिने नियम सांगितला: खातं एक वर्षानंतर पण दोन वर्षांच्या आत बंद केलं तर मुद्दलाच्या दीड टक्का कापला जातो. “काकू, २२,५०० रुपये जातील. फेब्रुवारीत दोन वर्षं होतात, तेव्हा एकच टक्का लागेल. थांबता येत नाही का?”

बाई म्हणाल्या, “चालेल.”

“मॅडम, ते ‘चालेल’ ऐकलं आणि माझं डोकं फिरलं,” ती मला म्हणाली. “सतरा रुपयांसाठी भांडणारी बाई साडेबावीस हजार सोडून राहिली?” मग तिला दिसलं की बाईंची पर्स काउंटरवर उघडी आहे, आत मोबाईल उभा ठेवला आहे, आणि बोलताना बाई तिच्याकडे न बघता पर्समध्ये बघताहेत.

तिने काही विचारलं नाही. पैसे भरायची एक स्लिप उलटी केली, त्यावर पेनाने लिहिलं, ‘फोनवर कोणी ऐकत आहे का? फक्त मान हलवा,’ आणि काचेखालून सरकवली. बाईंनी ती वाचली. मग चष्मा काढून पदराने पुसला, परत घातला, आणि मान हलवली.

तिने आतल्या दाराने बाहेर येऊन पर्समधला फोन उचलला आणि बंद केला. बाई खाली बसल्या, खुर्ची नव्हती तिथेच. म्हणत होत्या, “माझ्या पोराला पकडतील, ते माझ्या पोराला पकडतील.”

ती स्लिप त्या मुलीने जपून ठेवली आहे. मी तिला म्हटलं, मला दे, मंडळात दाखवते. ती म्हणाली, नको मॅडम, ती काकूंची आहे.

पैशाचा माग

१.२५ ला शाखेतूनच १९३० या सायबर फसवणुकीच्या सरकारी मदत क्रमांकाला फोन लावला. पहिला व्यवहार होऊन २५ तास झाले होते. ज्यांना ही यंत्रणा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, कारण इथे मिनिटांना किंमत आहे. १९३० वर तक्रार नोंदवताना व्यवहाराचा यूटीआर क्रमांक (बँक त्या व्यवहाराला देते तो ओळख क्रमांक), रक्कम, वेळ, आपली बँक एवढं हाताशी लागतं. नोंद झाली की पैसे ज्या बँकेत गेले तिला यंत्रणेतूनच सूचना जाते. तिथे पैसे असले तर तेवढी रक्कम रोखून धरली जाते. पुढे गेले असले तर सूचना पुढच्या बँकेकडे, तिथून त्याच्या पुढच्या बँकेकडे. म्हणजे ही पाठलागाची शर्यत असते आणि चोर पुढे असतो. मोबाईलवर पोचक्रमांक येतो, तो वापरून सायबरक्राइम डॉट गव्ह डॉट इन या संकेतस्थळावर २४ तासांत तक्रार पूर्ण करायची असते. ती बाईंच्या मुलीने त्याच रात्री केली.

तपासात दिसलं ते असं: ४,८०,००० रुपये ट्रेडर्सच्या खात्यात पडले आणि तासाभराच्या आत अकरा खात्यांत वाटले गेले. ही खाती भाड्याची. कुणा मजुराच्या, कुणा विद्यार्थ्याच्या नावावर, पाच-दहा हजार देऊन वापरायला घेतलेली. बहुतेक पैसे संध्याकाळपर्यंत निघून गेले. दोन खात्यांत मिळून १,१२,००० रुपये अडकले, तेवढेच रोखता आले. सोमवारीच कोणाला कळलं असतं तर यातला एक रुपयाही गेला नसता, आणि मंगळवारी दुपारी कळलं असतं तर यातले बरेच वाचले असते, असं मला आजही वाटतं.

रोखलेले पैसे आपोआप परत येत नाहीत. इथे न्यायालयात अर्ज करावा लागला. बाईंच्या मुलीने केला, आणि १,१२,००० रुपये साडेचार महिन्यांनी खात्यात आले.

उरलेल्या ३,६८,००० साठी मुलाने रिझर्व्ह बँकेचं ६ जुलै २०१७ चं परिपत्रक शोधून काढलं. त्यात म्हटलं आहे की ग्राहकाची चूक नसताना त्याच्या खात्यातून परस्पर इलेक्ट्रॉनिक व्यवहार झाला आणि त्याने तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं तर त्याच्यावर भार नाही. मला त्याला सांगावं लागलं की हे परिपत्रक आईच्या कामी येणार नाही. ते ग्राहकाच्या नकळत झालेल्या व्यवहारांसाठी आहे. इथे आरटीजीएसच्या अर्जावर तिची सही आहे, ती स्वतः काउंटरवर उभी होती. घाबरवून घेतलेली सही ही सहीच धरली जाते. ही फट फार मोठी आहे आणि आज सगळ्या टोळ्या याच फटीतून आत येतात. नियम ओटीपीच्या चोरीसाठी तयार झाले. चोर आता मालकाच्याच हातून कुलूप उघडून घेतो.

बँकेकडे लेखी तक्रार दिली आहे. बँकेने ३० दिवसांत उत्तर दिलं नाही किंवा उत्तर पटलं नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जाता येतं. त्या वाटेने काय मिळेल त्याबद्दल मी कुटुंबाला मोठी आशा दाखवलेली नाही.

घरात

मुलगा त्याच रात्री पुण्याहून निघून पहाटे पोचला. दारातच म्हणाला, “आई, तू एवढी शिकलेली, एवढ्या शाळा चालवल्या, आणि…” पुढचं बोलला नाही, पण बाईंनी ते ऐकलं. पुढचे अकरा दिवस त्या घराबाहेर पडल्या नाहीत. मंडळात नाही, बागेत फिरायला नाही, खालच्या वाण्याकडेही नाही. जेवण निम्मं झालं. रक्तदाबाची गोळी दोनदा चुकली.

मी पहिल्या तीन वेळा गेले तेव्हा बँकेचा विषय काढला नाही. एकदा तर आम्ही नुसती अंबाडीची भाजी निवडत बसलो. चौथ्या वेळी त्या आपणहून म्हणाल्या, “तुम्ही सांगितलेलं सगळं मी लिहून घेतलं होतं हो.” आणि वही पुढे केली. त्या दिवशी मला कळलं की चूक कुठे झाली. आम्ही लोकांना गेल्या वर्षीच्या चोराचा फोटो दाखवत होतो.

दरम्यान मुलीने ठरवून टाकलं होतं की आईचा स्मार्टफोन काढून साधा फोन द्यायचा, एटीएम कार्ड स्वतःकडे ठेवायचं आणि सगळी खाती आपण बघायची. तिच्या मनात काळजीच होती. मी तिला थांबवलं. पैसे बाईंचे आहेत, सही बाईंची आहे, आणि व्हॉट्सअ‍ॅपवर नातीचे फोटो येतात तेही बाईंचे आहेत. ज्याच्या हातून सगळं काढून घेतलं तो पुढच्या वेळी काही झालं तर सांगणार नाही, कारण सांगितलं की आणखी काय काढून घेतील ही भीती त्याला असते. टोळी माणसाला एकटं पाडून जिंकली. घरच्यांनी त्याच माणसाला आणखी एकटं पाडू नये.

वाद झाला. मुलगी रडली. शेवटी बाईंनीच शाळेच्या मीटिंगमध्ये बोलावं तशा आवाजात तोडगा सांगितला, आणि मला तो आम्ही सुचवला असता त्यापेक्षा चांगला वाटला.

निवृत्तिवेतनाच्या खात्यावरून यूपीआय आणि ऑनलाइन व्यवहार बंद. दुसरं छोटं खातं उघडलं, त्यात महिन्याला २०,००० वळतात, यूपीआय फक्त त्यावर. कोणालाही पहिल्यांदा २५,००० च्या वर पैसे द्यायचे झाले तर एक रात्र मध्ये जाऊ द्यायची आणि मुलीला फोन करायचा. परवानगी मागायला नाही, नुसतं सांगायला. हा शब्द बाईंनी दोनदा उच्चारला. मुलगी आणि मुलानेही हाच नियम स्वतःला लावून घेतला. तेही मोठी रक्कम देण्याआधी आईला फोन करतात. माझ्या मते सगळ्यात मोलाची गोष्ट हीच झाली.

आणखी एक, घराचा शब्द. आजकाल नातवाचा आवाज हुबेहूब काढून ‘आजी, अपघात झाला, पैसे पाठव’ असेही फोन येतात. असा फोन आला तर शब्द विचारायचा. बाईंनी काटोलजवळच्या माहेरच्या गाईचं नाव निवडलं. ते त्या तिघांनाच माहीत आहे. मलाही सांगितलेलं नाही, आणि तेच बरोबर आहे.

फोनची कामं अर्ध्या तासात झाली: व्हॉट्सअ‍ॅपवर अनोळखी कॉल गप्प करण्याची सोय चालू केली, दुहेरी पडताळणीचा पिन टाकला, ‘संचार साथी’ या सरकारी संकेतस्थळावर आपल्या नावावर किती सिम आहेत ते पाहिलं. एकच होतं. म्हणजे मुंबईच्या त्या सिमची गोष्ट पहिल्या वाक्यापासून खोटी होती, आणि घरबसल्या पाच मिनिटांत पडताळता आली असती.

दुसरा फोन

घटनेनंतर पाचव्या आठवड्यात बाईंना फोन आला. सायबर विभागातून बोलतो, तुमचे पैसे सापडले आहेत, सोडवायला १२,५०० रुपये प्रक्रिया शुल्क भरा, आजच भरा, उद्या फाइल बंद होईल. तक्रारीतली रक्कम त्याला बरोबर माहीत होती. एकदा लुटलेल्यांच्या याद्या विकल्या जातात, म्हणून हा दुसरा फोन येतोच, आणि तो पहिल्यापेक्षा घातक असतो, कारण या वेळी भीतीऐवजी आशा असते.

बाई म्हणाल्या, “मी लेकीला विचारून सांगते.” तो म्हणाला, लेकीला सांगू नका. बाईंनी फोन कापला.

मला सांगताना त्यांचा आवाज कापत होता. “मी कापला. मध्येच कापला. तो बोलत होता आणि मी कापला.”

हे ‘मध्येच’ महत्त्वाचं आहे. या पिढीला फोन मध्येच कापता येत नाही. समोरचा बोलत असताना फोन ठेवणं म्हणजे दारात आलेल्याच्या तोंडावर दार लावणं, आणि तो साहेब असेल तर विचारायलाच नको. तहसील, कोषागार, शिक्षणाधिकारी यांच्या कार्यालयात उभं राहून ज्यांनी आयुष्य काढलं त्यांना ‘अधिकारी’ म्हटलं की पाठ आपोआप ताठ होते. माझ्या व्याख्यानात ‘फोन कट करा’ हे एक वाक्य होतं. ते करायचं कसं, हे मी कधी शिकवलं नाही.

आता मंडळात दर गुरुवारी पंधरा मिनिटं तेवढंच करतो. एक जण साहेब होतो, दरडावून बोलतो: वीज आज रात्री साडेनऊला कापणार, निवृत्तिवेतन थांबणार, पार्सलमध्ये अमली पदार्थ सापडले. दुसऱ्याने त्याचं वाक्य पुरं होण्याआधी फोन कापायचा. पहिल्या गुरुवारी बहुतेकांनी शेवटपर्यंत ऐकून घेतलं आणि ‘बरं, ठेवते हं, नमस्कार’ म्हणून ठेवला. वेकोलि या कोळसा कंपनीतून निवृत्त झालेले एक ८० वर्षांचे काका तिसऱ्या आठवड्यापर्यंत कापूच शकले नाहीत. चौथ्या आठवड्यात कापला तेव्हा स्वतःच दचकले. ओटीपी, लिंक, एपीके फाइल (मोबाईलवर अ‍ॅप बसवणारी फाइल) हेही सांगतो, पण नंतर. आधी हे: जो घाबरवतो किंवा भुलवतो, घाई करतो, कोणाला सांगू नका म्हणतो आणि पैशावर येतो, तो कोणत्याही गणवेशात असो, त्याचा फोन कापायचा आणि आपल्या माणसाला लावायचा.

त्या शाखेतही आता प्रश्न बदलला आहे. मोठी ठेव मोडायला एकटं आलेल्या ज्येष्ठाला आधी खुर्ची देतात, पाणी देतात आणि विचारतात, “हे करायला तुम्हाला कोणी सांगितलं? फोन चालू आहे का?” ज्या शाखांना हे विचारायला लाज वाटते त्यांनी मला कळवावं, मी येऊन सांगते.

आजची स्थिती

गुन्हा नोंदलेला आहे, तपास चालू आहे, बाईंचा जबाब दोनदा झाला. अकरा खात्यांपैकी काहींचे धारक सापडले, फोनवरचा माणूस नाही. ३,६८,००० रुपये आलेले नाहीत. १५ लाख जागेवर आहेत आणि एप्रिलचं व्याज आलं.

बाई फेब्रुवारीपासून मंडळात येतात. एकट्या राहणाऱ्या सात जणांना रोज सकाळी नऊला फोन करायचं काम त्यांनी मागून घेतलं आहे. प्रत्येकाशी दोन मिनिटं बोलायचं, वहीत खूण करायची. तीच निळ्या शाईची वही, मागच्या बाजूने उघडलेली. मार्चमध्ये एका सकाळी मनीषनगरच्या एका काकांचा फोन चाळीस मिनिटं गुंतलेला लागत होता. बाईंनी त्यांच्या इमारतीच्या चौकीदाराला फोन करून वर बेल वाजवायला पाठवलं. तो खाली येऊन म्हणाला, “ताई, ते तर अमरावतीच्या भावासंग बोलून राहिले, काही झालं नाही.” बाईंनी वहीत लिहिलं: ‘९.४५. भावाशी बोलत होते. ठीक.’ आणि पुढचा नंबर लावला.